आठ इंचांचा मडगार्ड

"डोळे मीट, मंग पाह्य."

हे वाक्य आमच्या मिस्त्रींचं. चेपलेल्या मोटारीसमोर तुम्ही कितीही शहाणपणानं उभे राहा, ते आधी तुमचं मनगट धरत, तुमचा तळवा पत्र्यावर टेकवत आणि डोळे मिटायला लावत. स्वतःही मिटत. मग तुमच्या हातावर आपला हात ठेवून तो पत्र्यावरून सावकाश फिरवत, ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"लागला का खड्डा?"

"नाही."

"मंग अजून उघडेच आहेत तुहे डोळे."

माझ्यासारखेच तुम्हीही असे लोक पाहिले असतील. ज्यांच्या हाताला जे कळतं, ते आपल्याला चष्मा लावूनही कळत नाही. मिस्त्री त्यातले. उत्तर नागपुरात आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक कडुलिंब होता, त्याखाली त्यांची टिनाची शेड. उन्हाळा लागला की कूलरच्या पेट्या, एरवी मोटारींचे पत्रे. बसायला संत्र्याची रिकामी पेटी. चाळीस वर्षं पत्रा ठोकून उजवा कान पार गेला होता, म्हणून कुणी बोलायला आलं की ते मान वळवून डावा कान पुढं करत. नव्या माणसाला वाटे, मिस्त्री रुसले आहेत.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण ते आल्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. आजही कुणी न विचारता मी हे सांगतो. वडील गिरणीत होते. धर्मांतर झालं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि त्या दिवसापासून वडिलांचा एकच धोशा, पोरगं शिकलं पाहिजे. निकाल लागला त्या दिवशी आख्खी वस्ती आमच्या दारात उभी होती.

मिस्त्री सगळ्यांत शेवटी आले. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर जस्ताच्या पत्र्याची पाटी, मागून ठोकून उठवलेली दोन अक्षरं. बी. ए.

मी म्हटलं, "काकाजी, नाव राहिलं की माझं."

"नाव काय गा, सगळ्यायलेच असते," ते म्हणाले. "बीए तुलेच आहे."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शाळेतल्या मास्तरांकडून ती अक्षरं कागदावर काढून घेऊन त्यांनी ती चित्रासारखी ठोकली होती. पाटी स्वतःच्या हातानं दारावर बसवली, डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवला, आणि त्या दिवसापासून मला नावानं हाक मारणं सोडलं. "बीए, इकडं ये गा." "बीए, चहा पेशीन का?" माझं पाळण्यातलं नाव वस्तीतले लोक हळूहळू विसरले, ते त्यांच्यामुळं.

नोकरी मला एका विमा कचेरीत लागली. कुठली मोटार कशाला धडकली, काय चेपलं, हे इंग्रजीत लिहायचं काम. मिस्त्रींना याची फार गंमत वाटे. "तू चेपलेलं लिहून राहिला, मी काढून राहिलो. आपली दुकानं समोरासमोर आहेत."

एकदा सावनेरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची मोटार मिस्त्रींच्या शेडपुढं तपासायला होती. बैलगाडी आडवी आली म्हणून दार चेपलं, असं त्याचं म्हणणं. मी चारी बाजूंनी पाहिलं, वही काढली. मिस्त्री सहज आल्यासारखे आले, डोळे मिटून दारावरून हात फिरवला आणि एका जागी थांबले.

"शेटजी, हे तर तुमच्या लग्नाआधीचं दिसते."

"काय?"

"ही मोड जुनी आहे. हे दार एकदा वाकून सरळ झालं, त्याच्यावर रंग बसला, आणि मंग तुमचा बैल आला."

व्यापारी उसळला. मिस्त्रींनी नखानं रंग खरवडला, तर खाली खरंच जुन्या मोडीची रेघ. मला ती दिसली नव्हती. रंगाखाली असल्यावर कुणालाच दिसली नसती.

"पत्रा मोडला की सरळ होते," मिस्त्री मला नंतर म्हणाले, "पण इसरत नाही. डोळ्याले नाही दिसत, हाताले लागते." हे वाक्य तुम्हीही ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

एका वर्षी दिवाळी आटोपल्यावर धंतोलीतले एक तरुण डॉक्टर मिस्त्रींकडं आले. त्यांच्याकडं दुसऱ्या महायुद्धाआधीची एक चिमुकली विलायती मोटार होती. वडीलही डॉक्टरच, त्यांनी याच गाडीतून उमरेडपर्यंतची गावं पालथी घातली होती. वडील त्याच वर्षी गेले. शहराबाहेर एक पडीक धावपट्टी होती, तिथं जानेवारीत मोटारींची शर्यत भरायची. वडिलांची गाडी त्या शर्यतीत पळवायची, हे डॉक्टरांनी मनात घेतलं होतं. "ते नेहमी म्हणायचे, एकदा हिला मोकळ्या रस्त्यावर सोडून पाहू. राहून गेलं."

त्यांनी एक इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात तशाच गाडीचं चित्र, पण शर्यतीसाठी सजवलेली. चाकं रुंद, जमिनीला चिकटलेली, आणि चाकांवरचे चारही मडगार्ड असे फुगलेले की गाडी छाती काढून उभी आहे असं वाटावं. नाकाखाली पत्र्याचा एक ओठ. मिस्त्री त्या चित्राकडं कितीतरी वेळ पाहत राहिले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांनी ठोकलेलं सरळ केलं होतं किंवा चौकोनी पेट्या वाकवल्या होत्या. असं गोल, भरलेलं, नवं काही घडवायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"करतो," ते म्हणाले. "पण माही एक अट आहे. जुन्या भोकातच नवे बोल्ट बसतीन. तुमच्या बाबूजीच्या गाडीले मी नवं भोक पाडणार नाही. हौस फिटली की जुने गार्ड आहेत तसे लावून देईन."

जुने मडगार्ड काढून त्यांनी पोत्यात शिवले आणि शेडच्या कोपऱ्यात उभे ठेवले.

रुंद चाकं मुंबईला बनत होती. ती यायला महिना लागणार होता, आणि तोवर मडगार्ड तयार हवे होते. म्हणजे हाताशी मोजायला काही नाही, फक्त मासिकातला नकाशा. त्यावर रेघाच रेघा आणि बारीक इंग्रजी. मिस्त्रींनी तो सरळ माझ्या हातात दिला.

"बीए, गार्ड किती बाहेर काढू, एवढंच सांग."

आसपास दोन-चार जण होते. मी चष्मा पुसला, नकाशा उन्हात धरला. जुन्या गाडीची रुंदी त्रेपन्न इंच, नव्या सजवलेल्या गाडीची एकसष्ट. मी तिथल्या तिथं वजाबाकी केली.

"आठ इंच."

"एका बाजूले?"

"हो."

एवढंच झालं. वजाबाकी मी बरोबर केली होती. आठाचे दोन भाग करायचे, चार या बाजूला आणि चार त्या बाजूला, हे डोक्यात आलंच नाही. आलं असतं तर आज मी हे लिहीत नसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून येताना मिस्त्रींनी हाक मारली. पहिला मडगार्ड वाळूच्या पोत्यावर होता. "बीए, आठ म्हणजे वीतभर झाले गा. जास्त वाटून राहिलं."

मी म्हटलं, "आठच आहे."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "हाताले नाही पटून राहिलं. एकदा पाहून घे ना, बाप्पा."

मी पाहिलं नाही. आज सांगायला लाज वाटते, पण मला राग आला. वाटलं, अक्षरओळख नसलेला माणूस मला तीन-तीनदा विचारतो. मी म्हणालो, "काकाजी, छापलेलं आहे. इंग्रजीत छापलेलं आहे. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग हातोडीकडं पाहिलं.

"छापलं आहे म्हणते तर असंन," ते म्हणाले आणि ठोकायला बसले.

हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. मिस्त्रींनी काम शिकवणाऱ्या उस्तादाचं ऐकलं नाही, मोटारमालकांचं ऐकलं नाही, व्यापाऱ्याच्या तोंडावर त्याचं खोटं काढलं. पण कागद वाचणाऱ्या माणसापुढं त्यांनी स्वतःच्या हाताला गप्प बसवलं. आमच्या वस्तीत शिकलेल्याच्या शब्दाला एवढं वजन होतं. त्या वजनावर मी उभा होतो, आणि ते मला ठाऊकही होतं.

चाकं आली तेव्हा शर्यतीला बारा दिवस होते. रविवार होता. डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर इंजिनाचं बघणारा त्यांचा एक मित्र आला. वस्ती जमली, माझे वडीलही आले. चाकं चढवली, मडगार्ड बोल्टांनी कसले. जुन्या भोकांत बोल्ट असे बसले की एकाला हातोडी लावावी लागली नाही. मग सगळे चार पावलं मागं सरकले.

रुंद चाकंसुद्धा त्या मडगार्डांखाली आत कुठंतरी हरवली होती. गाडी बापाचा कोट घालून आलेल्या पोरासारखी दिसत होती.

"अबे, कोंबडी बसली अंड्यावर!" कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

डॉक्टर हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, बारा दिवस राहिले. कागदावर किती होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि त्याच क्षणी, लोकांच्या नजरा माझ्यावर असताना, मला तो भागाकार दिसला. त्रेपन्न, एकसष्ट, आठ, चार.  बाजूला वडील उभे होते, गिरणीच्या सुट्टीतही इस्त्रीचा सदरा घालून आलेले.

माझ्याआधी मिस्त्री बोलले.

"कागदावर बरोबर होतं, डॉक्टरसाहेब. बीएनं चारच सांगतलं होतं. माह्याच डोक्यात आठ शिरलं."

वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अभिमानानं. तो हात अजून तिथून उठलेला नाही.

मी गप्प राहिलो.

डॉक्टरांचा मित्र म्हणाला, "वय झालं यांचं. दुसरा डेंटर पाहू." मिस्त्रींनी ते डाव्या कानानं नीट ऐकलं. "गाडी हलवू नका," ते म्हणाले. "बारा दिवस द्या. नाही जमलं तर बाबूजीचे जुने गार्ड लावून देतो, माफी मागतो." डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला दांडी मारून मी शेडमध्ये गेलो. मिस्त्री नव्या पत्र्यावर खडूनं रेघा मारत होते. मी समोर उभा राहून म्हणालो, "काकाजी, चूक माझी होती. मी डॉक्टरांना सांगतो. वस्तीला सांगतो."

त्यांनी मान वळवली. रोजच्या उलट्या बाजूला. बहिरा, उजवा कान माझ्याकडं आला.

"ह्या कानानं ऐकू नाही येत."

"काकाजी..."

"नाही येत म्हणतो ना." मग रेघ मारता मारता, "वस्तीतली पाच-सहा पोट्टी तुह्याकडं पाहून शाळेत जाऊन राहिली, बीए. त्यायच्या मायबापाले काय सांगू? का बीए झालेल्याले आठाचे दोन हिस्से नाही करता येत?" आणि ते हसले. खरंच हसले. "चाल, डॉली धर."

डॉली म्हणजे पत्र्याच्या मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा. बाहेरून हातोडी पडते, आतून डॉली धक्का झेलते, आणि मधला पत्रा आकार घेतो. त्या दिवसांत कचेरी सुटली की मी शेडमध्ये जाई आणि डॉली धरून बसे. हातोडीचा प्रत्येक घाव माझ्या कोपरापर्यंत येई. ते कधी रागावून ठोकताहेत असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं.

नवे मडगार्ड अकराव्या दिवशी चढले. चार इंच. ते कसे होते हे मला सांगता येत नाही. एवढंच सांगतो, डॉक्टर गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी आपणहून डोळे मिटून गार्डावर हात ठेवला.

शर्यतीला मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून आले. मी त्यांना सायकलवर डबलसीट नेलं. ती चिमुकली गाडी मोठ्या गाड्यांच्या मागं घुमत घुमत धावली. पहिली आली नाही, दुसरीही नाही. पण वळणावर इतर गाड्या डगमगत होत्या तिथं ती जमिनीला धरून वळली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी यातलं काही पाहिलं नाही. धुळीनं डोळे चुरचुरतात म्हणून ते पाठ करून बसले होते. गाडी थांबल्यावर उठले, जवळ गेले, पुढच्या गार्डावर तळवा ठेवला, डोळे मिटले.

डॉक्टर टोपी काढत म्हणाले, "मिस्त्री, पाहिलं की नाही?"

"आता पाहून राहिलो," मिस्त्री म्हणाले.

चुकलेल्या चार मडगार्डांपैकी तीन त्यांनी कापून उन्हाळ्यात कूलरला वापरले. चौथा, म्हणजे सगळ्यांत आधी ठोकलेला, घेऊन एके दिवशी आमच्या दारात आले, शिडी लावली आणि तो पाटीच्या वर भिंतीत ठोकायला लागले.

वडील म्हणाले, "काहून गा, मिस्त्री? हे काय करून राहिला?"

"पाटीवर पाणी येते. छज्जा करून राहिलो." मग माझ्याकडं न पाहता, "वीतभर पुढं आहे. चांगली सावली पडते."

ती चूक मात्र गावात राहिली. डॉक्टरांच्या मित्रानं चार ठिकाणी सांगितलं, आणि "मिस्त्रींचा हात आता पहिल्यासारखा नाही" हे लोक बोलू लागले. दोन-तीन जुने मोटारवाले दुसरीकडं गेले. मिस्त्री काही बोलले नाहीत. मीही नाही. मला बढती मिळाली, वस्तीतली आणखी तीन पोरं बी.ए. झाली, त्यातली एक मुलगी. तिच्याही दारावर मिस्त्रींनी पाटी ठोकली.

ते गेले तेव्हा कूलरचे दिवस होते. शेडमध्ये सहा पेट्या अर्ध्या वाकवून ठेवलेल्या.

विहारात शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. सगळ्यांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं. एका म्हाताऱ्या गिरणी कामगारानं प्रेमानं म्हटलं, "सारी उमर हात नाही चुकला बापा. त्या डॉक्टरच्या गाडीत एकदा चुकला, तेवढंच."

मी उठलो. वडील पुढच्या सतरंजीवर बसले होते, थकलेले, हातात काठी. वस्तीतली पोरं मागं होती, जिला पाटी मिळाली होती ती मुलगीही.

"तेवढंही नाही," मी म्हणालो. "ती चूक माझी होती. मी आठ सांगितलं. त्यांनी मला तीनदा विचारलं आणि मी तीनदा आठच सांगितलं. त्यांचा हात कधीच चुकला नाही."

 काकी, मिस्त्रींच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"मले माहीत आहे, बाबू," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं. अन् म्हणे, त्याचं तो सांगंन. तू नको सांगू."

घरी येताना वडील काठी टेकत माझ्यासोबत चालत होते. कडुलिंबापाशी थांबले. "हिशोबात तू लहानपणापासून कच्चाच होता," ते म्हणाले. चार पावलं पुढं गेल्यावर म्हणाले, "पण आज बरं बोलला."

दाराशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मडगार्डची सावली पाटीवर पडली होती. इतक्या वर्षांत मी त्या गार्डाला दरवर्षी ब्रशनं रंग दिला, हात कधी लावला नव्हता. आत जाऊन स्टूल आणलं, वर चढलो, तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

आधी काहीच लागलं नाही. मग हात सावकाश फिरवला, त्यांनी शिकवला होता तसा. मध्यावर एक रेघ लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक, सरळ. तिथं पत्रा एकदा वळला होता आणि मग पुन्हा उलगडून पुढं नेला होता.

मी खाली उतरून टेप आणला आणि पुन्हा चढून लावला. भिंतीपासून रेघेपर्यंत चार इंच. रेघेपासून काठापर्यंत चार इंच.

त्यांनी काठ आधी तिथंच वळवला होता. आपल्या हाताचं ऐकून. मग मी म्हणालो होतो, छापलेलं आहे.

टेप खिशात टाकला. वडील खालून म्हणाले, "काय पाहून राहिला रे?"

मी पुन्हा डोळे मिटले आणि हात त्या रेघेवर ठेवला.